घरचे व्हिडिओ कॉम्प्रेस करताना सेटिंग्ज कशा निवडायच्या: हँडब्रेक घेऊन सविस्तर

व्हिडिओ लहान करायचा म्हटलं की सगळ्यात आधी प्रश्न येतो तो "बेस्ट सेटिंग कोणती?" आणि मग कोणीतरी एक आकडा सांगतं, तो आकडा त्याच्या व्हिडिओसाठी बरोबरच असतो, पण तुमच्याकडे आहे पुतणीच्या लग्नाचं चार तासांचं शूटिंग किंवा ९८ सालच्या मुंजीची कॅसेट, तिथे तोच आकडा लावला की एकतर फाईल लहानच होत नाही नाहीतर नेमका अक्षता पडायच्या वेळी सगळा स्क्रीन चौकोन चौकोन होतो. म्हणून या लेखात आकडे देणार आहेच, पण त्याहून जास्त भर आहे तो आपल्याच व्हिडिओतला सगळ्यात अवघड तुकडा शोधून त्याच्यावर टेस्ट करण्यावर. अर्धा तास त्यात घालवला की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

सॉफ्टवेअर म्हणून हँडब्रेक धरलंय. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि आत जे एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारे प्रोग्रॅम, आहेत (एच.२६४ चा एक्स२६४, एच.२६५ चा एक्स२६५ वगैरे) तेच जगभर वापरले जातात. दुसरं काही वापरत असाल तरी चालेल, तत्त्व तेच राहतं.

आधी फाईल नीट बघा

कॉम्प्रेस करायच्या आधी हातात काय आहे ते माहीत पाहिजे. मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईल टाकली की सगळी कुंडली समोर येते. त्यातल्या सहा गोष्टी कागदावर लिहून घ्या: कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत) कोणता आहे, रिझोल्यूशन किती, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) किती आणि तो स्थिर आहे की बदलता, बिटरेट (सेकंदाला किती डेटा) किती, स्कॅन टाइप प्रोग्रेसिव्ह आहे की इंटरलेस्ड (हे जुन्या कॅसेटच्या भागात सांगितलंय), आणि बिट डेप्थ, म्हणजे रंगांच्या छटा किती बारीक, ८ की १० (तिथेच एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला पकडणारं शूटिंग, आहे का तेही कळतं).

यातला बिटरेट सगळ्यात महत्त्वाचा, कारण फाईल किती मोठी होणार हे शेवटी त्याच्यावरच ठरतं. हिशोब सोपा आहे, बिटरेट एमबीपीएसमध्ये (सेकंदाला मेगाबिट) घ्यायचा, त्याला सेकंदांनी गुणायचं आणि ८ ने भागायचं, उत्तर येतं एमबीमध्ये. म्हणजे ५० एमबीपीएसचा एक तास म्हणजे ५० गुणिले ३६०० भागिले ८, २२,५०० एमबी, साडेबावीस जीबी. तोच तास ८ एमबीपीएसला ३.६ जीबी होतो. आयफोनवर ४के ३० फ्रेम्सचं शूटिंग हाय एफिशियन्सी मोडमध्ये मिनिटाला साधारण १७० एमबी खातं आणि मोस्ट कॉम्पॅटिबल मोडमध्ये ३५० एमबी, त्यामुळे एका हळदीच्या कार्यक्रमात फोन का भरतो ते लगेच कळेल.

आता एक महत्त्वाचं. बिटरेट आधीच कमी असेल तर ती फाईल सोडून द्या. व्हॉट्सॲपवरून आलेले व्हिडिओ एकदा दाबून झालेले असतात, त्यांना परत दाबलं तर आधीच्या एन्कोडरने केलेल्या चुका नवा एन्कोडर इमानदारीने जपून ठेवतो आणि वर स्वतःच्या चुका घालतो, आणि जागा वाचते किती तर नगण्य. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे की १०८०पी (फुल एचडी) फाईल ५ एमबीपीएसच्या खाली असेल तर तिला हात लावायचा नाही. खरा फायदा होतो तो लग्नाच्या फोटोग्राफरने पेनड्राइव्हवर दिलेल्या मोठ्या फाईल्समध्ये, कॅमेऱ्यातून थेट कॉपी केलेल्या क्लिप्समध्ये, आणि फोनच्या ४के शूटिंगमध्ये, कारण फोनचा किंवा कॅमेऱ्याचा एन्कोडर शूटिंग चालू असतानाच घाईत काम करत असतो, त्याला विचार करायला वेळच नसतो, म्हणून तो बिट्स सढळ हाताने वापरतो. आपल्याकडे मात्र अख्खी रात्र असते.

अवघड तुकडा शोधा

व्हिडिओ कॉम्प्रेशन चालतं ते मुख्यतः अंदाजावर. मागच्या फ्रेममध्ये जे होतं तेच थोडं सरकून पुढच्या फ्रेममध्ये असेल असा एन्कोडर अंदाज बांधतो आणि अंदाज जिथे चुकला तेवढाच फरक लिहून ठेवतो. स्टेजवर नवरा-नवरी बसलेत, मागे पडदा स्थिर आहे, पाहुणे येऊन आहेर देतायत, इथे अंदाज बरोबर येतो आणि बिट्स फार लागत नाहीत. पण मंगलाष्टकं संपली, "शुभमंगल सावधान" झालं आणि चारी बाजूंनी अक्षता उडाल्या की प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेला, वेगळ्या वेगाने, अंदाज कुठलाच लागत नाही, आणि नेमका हाच क्षण घरातल्या सगळ्यांना परत परत बघायचा असतो.

अशा जागा आपल्या व्हिडिओंमध्ये भरपूर असतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत उडणारा गुलाल आणि त्यामागे हलणारी गर्दी. धबधब्याचं पाणी, पावसात भिजलेला घाट. रिसेप्शनच्या स्टेजमागची एलईडी वॉल. वरातीत अंधारात नाचणारे लोक आणि वर डीजेचे फिरणारे लाइट. आणि वेगळ्या प्रकारचा अवघडपणा म्हणजे पैठणीचा पदर, तिथे हालचाल फार नसते पण जरीचं बारीक काम पुसट होऊन नुसता सोनेरी रंग फासल्यासारखं दिसायला लागतं. आकाश किंवा संध्याकाळचा मंद प्रकाश पडलेली भिंत, इथे रंगाचे पट्टे पट्टे दिसतात.

तर अशा दोन-तीन जागा शोधा, प्रत्येकी ३० सेकंद ते एक मिनिट. हँडब्रेकमध्ये फाईल उघडली की वर रेंज नावाचा पर्याय आहे, तिथे चॅप्टर्सच्या जागी सेकंद्स निवडा आणि सुरुवात-शेवट टाका, तेवढाच तुकडा एन्कोड होतो. एक अक्षतांचा, एक अंधाराचा, एक जवळून घेतलेल्या चेहऱ्याचा, एवढं पुरतं. हे तुकडे सुंदर दिसले तर बाकीचा चार तासांचा व्हिडिओ आपोआप सुंदर दिसणार आहे, उलटं मात्र होत नाही.

कोडेक कोणता

इथे प्रश्न असा विचारायचा की ही फाईल कोण बघणार आहे आणि कशावर.

एच.२६४ हा २००३ सालचा स्टँडर्ड, आणि आज घरात जे काही स्क्रीनवालं यंत्र आहे त्यातल्या जवळजवळ सगळ्यांवर चालतो. गावाकडच्या काकांच्या जुन्या फुल एचडी टीव्हीला मागून पेनड्राइव्ह लावून बघायचं असेल तर डोळे मिटून हाच घ्या. एच.२६५, ज्याला एचईव्हीसी पण म्हणतात, तो २०१३ चा, त्याच क्वालिटीसाठी फाईल बरीच लहान होते, फायदा जास्त दिसतो तो ४के मध्ये, पण एन्कोड व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि जुन्या टीव्हीवर नुसता आवाज येतो, चित्र येत नाही किंवा फाईल दिसतच नाही. एव्ही१ हा २०१८ चा, रॉयल्टी नसलेला, एच.२६५ पेक्षाही फाईल लहान करू शकतो, पण बघणाऱ्याचं यंत्र नवं लागतं, आयफोनमध्येसुद्धा त्याचं हार्डवेअर डिकोडिंग २०२३ च्या १५ प्रो पासून आलंय. घरच्या आठवणी ज्या नातेवाइकांमध्ये फिरणार आहेत त्यासाठी मी एव्ही१ अजून वापरत नाही.

माझं मत विचाराल तर वाटायची कॉपी एच.२६४ मध्ये, आणि स्वतःच्या हार्ड डिस्कवर कायम ठेवायची कॉपी एच.२६५ १० बिटमध्ये. सोर्स ८ बिट असला तरी १० बिट घेतल्याने आकाश, भिंत, धुकं यांच्यावरचे ते पट्टे कमी होतात. पण एच.२६४ चा १० बिट प्रकार अजिबात घेऊ नका, तो यादीत दिसतो म्हणून मोह होतो पण टीव्ही आणि फोनचे बहुतेक हार्डवेअर डिकोडर तो वाचत नाहीत.

आरएफ म्हणजे काय आणि किती ठेवायचा

हा लेखाचा गाभा आहे त्यामुळे इथे जरा थांबून वाचा.

हँडब्रेकच्या व्हिडिओ टॅबमध्ये दोन रस्ते असतात, कॉन्स्टंट क्वालिटी आणि ॲव्हरेज बिटरेट. बिटरेटचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून बरेच जण तिकडे जातात, पण ते म्हणजे पंगतीत प्रत्येकाच्या पानात मोजून दोनच पोळ्या वाढण्यासारखं आहे, लहान मुलाच्या पानात उरतात आणि कष्ट करून आलेला माणूस उपाशी उठतो. कॉन्स्टंट क्वालिटीमध्ये ज्याची जेवढी भूक तेवढं वाढलं जातं, शांत सीनला थोडे बिट्स, अक्षतांना भरपूर, दिसायला दोन्ही सारखंच चांगलं. फाईल किती मोठी होईल हे आधी सांगता येत नाही, आणि तेच योग्य आहे, कारण ते तुमच्या व्हिडिओत काय आहे त्यावर ठरायला हवं.

त्या स्लायडरवरचा आकडा म्हणजे आरएफ, याच गोष्टीला बाकी ठिकाणी सीआरएफ म्हणतात. एक्स२६४ मध्ये तो ० ते ५१ असतो, आकडा जितका लहान तितकी क्वालिटी जास्त आणि फाईल मोठी. आणि हा आकडा सरळ रेषेत चालत नाही, साधारण ६ ने कमी केला की फाईल दुप्पट होते, ६ ने वाढवला की निम्मी. म्हणजे २४ आणि १८ मध्ये दिसायला छोटा फरक आहे पण जागेत दुपटीचा.

सुरुवात कुठून करायची? हँडब्रेकचीच शिफारस अशी आहे की जुन्या डीव्हीडी-टेपसारख्या स्टँडर्ड डेफिनिशनला १८ ते २२, ७२०पी ला १९ ते २३, १०८०पी ला २० ते २४ आणि ४के ला २२ ते २८. रिझोल्यूशन मोठं तर आकडा मोठा चालतो कारण ४के मधला एकेक पिक्सेल इतका बारीक असतो की त्याची बारीकशी चूक डोळ्याला जाणवत नाही. उलट ५७६ ओळींची जुनी टेप ५५ इंची टीव्हीवर ताणून दाखवली की प्रत्येक चूक मोठी होऊन दिसते.

आता टेस्ट. १०८०पी धरून चालू. आपले निवडलेले तुकडे आरएफ २४, २२, २० आणि १८ वर एन्कोड करा, फाईलच्या नावात आकडा लिहा म्हणजे घोळ होणार नाही. मग चारही फाईल्स पेनड्राइव्हवर टाकून घरातल्या सगळ्यात मोठ्या स्क्रीनवर बघा, फोनवर बघून निर्णय घेऊ नका, फोनवर २८ पण छान दिसतो. आधी न थांबवता, नेहमी बसता तेवढ्या अंतरावरून बघा. कुठे खटकलं तर मगच पॉज करून जवळ जा. अक्षतांमध्ये चेहऱ्यांभोवती चौकोन येतायत का, अंधारात काळ्या रंगाचे डबके तयार होतायत का, गालांची त्वचा मेणासारखी गुळगुळीत झालीये का, पदराची जर शिल्लक आहे का. १८ पासून वर जाताना ज्या आकड्यावर पहिल्यांदा खटकलं त्याच्या एक पायरी आधीचा आकडा तुमचा. २२ ला चांगलं, २४ ला खटकतंय, तर २२. शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी आकडे न सांगता बघायला लावा, आकडा माहीत असला की डोळे आपोआप दोष शोधायला लागतात.

कोडेक बदलला की ही टेस्ट परत करायची. एक्स२६४ चा २२ आणि एक्स२६५ चा २२ या एकच गोष्टी नाहीत, एव्ही१ ची पट्टी तर ६३ पर्यंत जाते. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की फसायला होतं.

बिटरेटचा रस्ता कधी घ्यायचा, तर जेव्हा फाईल एका ठरलेल्या मापात बसायलाच हवी. दोन नेहमीची कारणं आहेत. एक, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाईल जाते, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवली की ती परत दाबली जात नाही. दोन, बऱ्याच जुन्या टीव्हींना एफएटी३२ फॉरमॅटचाच पेनड्राइव्ह कळतो आणि त्यावर एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. तासाभराचा व्हिडिओ २ जीबीत बसवायचा तर २००० गुणिले ८ भागिले ३६००, म्हणजे साधारण ४.४ एमबीपीएस, त्यातून ऑडिओचे ०.१६ वजा आणि थोडी जागा राखून ४ एमबीपीएस म्हणजे हँडब्रेकमध्ये ४००० लिहायचं. सोबत टू-पास किंवा नव्या व्हर्जनमध्ये मल्टी-पास लिहिलेलं असतं ते टिक करा, म्हणजे एन्कोडर आधी एकदा सगळा व्हिडिओ बघून घेतो आणि मग ठरलेले बिट्स शहाणपणाने वाटतो. पण तीन तासांचं लग्न ४ जीबीत कोंबायचं म्हणजे जेमतेम २.८ एमबीपीएस उरतात, त्यापेक्षा कॉन्स्टंट क्वालिटीच ठेवून फाईलचेच भाग करा, साखरपुडा वेगळा, सीमांतपूजन वेगळं, विवाह वेगळा, बघणाऱ्यालाही तेच सोयीचं पडतं.

वेग: स्लो बरा

आरएफच्या बाजूला एन्कोडर प्रीसेट असतो, अल्ट्राफास्टपासून प्लेसिबोपर्यंत. हा क्वालिटीचा स्लायडर नाही, एन्कोडरने किती डोकं लावायचं एवढंच तो सांगतो, जास्त वेळ दिला की त्याच दर्जाचं चित्र कमी जागेत बसवायचे रस्ते तो शोधतो. मी एक्स२६४ ला स्लो वापरतो, एक्स२६५ ला मशीन जुनं असेल तर मीडियम. व्हेरी स्लोमध्ये वेळ खूप वाढतो आणि हाती फार लागत नाही, प्लेसिबोकडे बघूच नका. आणि टेस्ट ज्या प्रीसेटवर केली तोच शेवटपर्यंत ठेवा, मध्ये प्रीसेट बदलला की त्याच आरएफला फाईलचा आकारही बदलतो आणि चित्रही.

एनव्हीडियाचा एनव्हीएन्क, इंटेलचा क्विकसिंक, मॅकवरचा व्हिडिओटूलबॉक्स हे हार्डवेअर एन्कोडर पण यादीत दिसतील. वेग अफाट असतो, ज्याला उद्या सकाळपर्यंत कोणाला तरी फाईल द्यायचीये त्याने खुशाल वापरावेत. पण तेवढ्याच क्वालिटीला फाईल मोठी होते, आणि आपण वीस वर्षं ठेवायची कॉपी करतोय, तिथे एक रात्र जास्त लागली तर बिघडत नाही.

ट्यून नावाचा पर्याय रिकामा ठेवा. कार्टून किंवा ॲनिमेशन असेल तर ॲनिमेशन, आणि दाणेदार फिल्मचा पोत तसाच राखायचा असेल तरच ग्रेन, त्याने फाईल बरीच फुगते.

लॅपटॉपवर करत असाल तर तो गादीवर ठेवू नका, तासनतास पूर्ण ताकदीने चालणार आहे, खालून हवा मिळाली पाहिजे, नाहीतर तापून स्वतःचा वेग कमी करतो. आणि वीज जाणाऱ्या भागात डेस्कटॉपला यूपीएस हवाच, एमपी४ अर्धवट राहिली की सहसा उघडतच नाही कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते.

साइज, फ्रेम रेट, आणि डिफॉल्टचा एक सापळा

हँडब्रेक उघडलं की सहसा फास्ट १०८०पी३० हा प्रीसेट (सगळ्या सेटिंग्जचा तयार संच, वरच्या एन्कोडर प्रीसेटपेक्षा वेगळा) आपोआप लागलेला असतो. नावातच लिहिलंय पण लक्षात येत नाही, तो ४के ला गुपचूप १०८०पी करतो आणि ६० फ्रेम्सचे ३०. डायमेन्शन्स टॅबमध्ये रिझोल्यूशन लिमिट आणि व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट हे दोन्ही स्वतः बघा, फ्रेमरेट सेम ॲज सोर्स करा. भारतातल्या कॅमेऱ्यांचं शूटिंग बरेचदा २५ किंवा ५० चं असतं आणि फोनचं ३० चं, एकाचं दुसऱ्यात करू नका, कॅमेरा फिरला की चित्र अडखळत चालल्यासारखं दिसतं.

फोनच्या व्हिडिओंचा फ्रेम रेट बदलता असतो. नुसतं बघायचं असेल तर व्हेरिएबल ठेवा, काही बिघडत नाही, पण नंतर एडिटिंग करायचं असेल तर कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडा, नाहीतर काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये शेवटी शेवटी ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

४के चं १०८०पी करायचं का हा प्रश्न भावनिक पण आहे. रोजचे, सहज काढलेले व्हिडिओ करून टाका, जागा भरपूर वाचते. बाळाची पहिली पावलं, आजीची मुलाखत, लग्नाचा मुख्य विधी हे ४के आहे तर ४के राहू द्या, उद्या त्यातून एखादा फोटो काढायचा झाला तर तेवढे पिक्सेल कामाला येतात. रिझोल्यूशन वाढवायच्या फंदात मात्र पडू नका, ७२०पी चं १०८०पी केल्याने तपशील येत नाही, फक्त फाईल मोठी होते.

नवीन फोनचे व्हिडिओ एचडीआर असू शकतात, आयफोनमध्ये १२ सिरीजपासून. असा व्हिडिओ ८ बिट एच.२६४ मध्ये नीट रूपांतर न करता ढकलला की रंग उडालेले, राखाडी दिसतात. तो एच.२६५ १० बिटमध्येच करा आणि हँडब्रेकचं नवं व्हर्जन वापरा.

जुन्या कॅसेट आणि डीव्हीडी

हा भाग वेगळा कारण नियम वेगळे आहेत, आणि खरं सांगायचं तर माझा जीव यातच जास्त आहे, ज्यांचे आवाज आता कुठेच ऐकायला मिळणार नाहीत ती माणसं या टेपांवर आहेत.

आपल्याकडे टीव्हीची पाल सिस्टीम होती, म्हणजे ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम्स, आणि इंटरलेस्ड. इंटरलेस्ड म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक गुंफलेल्या असतात, एक सम ओळींची, एक विषम ओळींची. जुन्या पिक्चर ट्यूबवर हे बरोबर दिसायचं, आजच्या स्क्रीनवर माणूस हलला की त्याच्या कडेला आडव्या रेषांचे दाते दिसतात. असं तसंच कॉम्प्रेस केलं तर ते दाते कायमचे आत बसतात आणि वर एन्कोडरचे निम्मे बिट्स त्या रेषा सांभाळण्यात जातात.

फिल्टर्स टॅबमध्ये डीइंटरलेस चालू करा, यादीत बीडब्ल्यूडीआयएफ असेल तर तो, नसेल तर डीकॉम्ब किंवा याडिफ, आणि त्याच्या प्रीसेटमध्ये बॉब निवडा. बॉबने दोन्ही क्षण वेगळे होऊन २५ चे ५० फ्रेम्स होतात आणि हालचाल मूळ टेपसारखी मऊ दिसते, मात्र फ्रेमरेट पण ५० निवडा नाहीतर तो परत कमी होईल. डीटेलेसीन नावाचा फिल्टर बंदच ठेवा, तो अमेरिकेकडच्या एनटीएससी मटेरियलसाठी आहे.

व्हीएचएसच्या टेपमध्ये दाणे खूप असतात, आणि एन्कोडरच्या दृष्टीने प्रत्येक दाणा म्हणजे अक्षताच, दर फ्रेमला नवीन. म्हणून डीनॉइजमध्ये एनएलमीन्स निवडून लाइट किंवा अल्ट्रालाइट ठेवा, फाईल बरीच उतरते. त्याच्यापुढे जाऊ नका, मीडियमला चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पण जातात, आणि आजोबांच्या सुरकुत्या काढून आपल्याला काय मिळवायचंय. व्हीएचएसच्या अगदी खालच्या काही ओळी फाटल्यासारख्या हलत असतात, त्या क्रॉपमध्ये हाताने कापा. हे झालं की आरएफ १८ ते २०, आकडा वाढवून इथे जागा वाचवायची गरज नाही, चित्रच एवढंसं आहे.

मिनीडीव्ही टेप कॅमेऱ्यातून फायरवायर केबलने घेतली असेल तर ताशी साधारण १३ जीबी होते. त्या मूळ फाईल्स कॉम्प्रेस करून झाल्या तरी पुसू नका, टेप दरवर्षी खराब होतेय आणि ती वाजवणारा चालू कॅमेरा मिळणं दिवसेंदिवस अवघड होतंय. डीव्हीडी असेल तर त्यावरचा व्हिडिओ आधीच एमपीईजी-२ मध्ये दाबलेला असतो आणि अख्खी डिस्क साडेचार-पाच जीबीची, ती आहे तशी कॉपी करून ठेवा आणि बघायला, वाटायला वेगळी लहान फाईल करा.

आवाजात काटकसर नको

स्टिरिओ एएसी (आवाज दाबायची पद्धत) १६० केबीपीएसला तासाला ७२ एमबी लागतात, १९२ ला साधारण ८६. कित्येक जीबींच्या हिशोबात हे काहीच नाही, तरी लोक इथे ६४ करून बसतात. सनई-चौघडा, ढोल-ताशा, मंगलाष्टकं, याला १९२ द्या. सोर्समधला ऑडिओ आधीच एएसी असेल तर एएसी पासथ्रू निवडा, म्हणजे तो न दाबता जसाच्या तसा जातो. एक बघा, लग्नाच्या कॅमेऱ्याच्या फाईलमध्ये कधी कधी दोन ऑडिओ ट्रॅक असतात, एक माइकचा आणि एक कॅमेऱ्याचा, हँडब्रेक प्रीसेटप्रमाणे पहिलाच उचलतं, ऑडिओ टॅबमध्ये जाऊन दुसरा पण ॲड करा.

कंटेनर, नाव, तारीख

कंटेनर, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारा फाईलचा प्रकार, एमपी४ ठेवा, बाकी काही विशेष सबटायटल वगैरे असेल तरच एमकेव्ही. ऑनलाइन चढवायची किंवा लिंकवरून बघायची असेल तर वेब ऑप्टिमाइज्ड टिक करा, ती अनुक्रमणिका फाईलच्या सुरुवातीला येते आणि पूर्ण डाऊनलोड व्हायच्या आधी व्हिडिओ सुरू होतो.

एन्कोड झालेल्या फाईलवर सहसा आजची तारीख पडते, त्यामुळे गॅलरीत २०१६ चं बारसं या आठवड्यात दिसायला लागतं. म्हणून नावातच तारीख लिहा, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग आणि गाव, असं लिहिलं की फोल्डरमध्ये आपोआप क्रमाने लागतात.

मूळ फाईल पुसायच्या आधी

नवीन फाईलची लांबी मूळ फाईलएवढी आहे ना बघा, अगदी सेकंदापर्यंत. सुरुवात, मध्य आणि शेवटची दोन-तीन मिनिटं लावून बोलणाऱ्याचे ओठ आणि आवाज जुळतायत का ते बघा, आवाज सरकला असेल तर तो शेवटीच जास्त कळतो. मग अवघड तुकडे परत एकदा टीव्हीवर. मोबाइलने उभा काढलेला व्हिडिओ आडवा झालेला नाही ना. फाईल दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करून, दोन्हीकडून उघडून बघून मगच मूळ फाईलचा विचार करा, आणि जे परत कधीच शूट करता येणार नाही त्याची मूळ फाईल ठेवाच, जागा बाकीच्या शेकडो क्लिप्समधून निघते.

एकदा आकडे ठरले की हँडब्रेकमध्ये सेव्ह प्रीसेट करून सोर्सप्रमाणे नावं द्या, फोन ४के, लग्न १०८०पी, व्हीएचएस ५० फ्रेम असं काहीतरी, मग पुढच्या वेळी अख्खं फोल्डर उघडून ॲड टू क्यू करायचं, रात्री सुरू करायचं, आणि व्हेन डन मध्ये शटडाऊन निवडून झोपायचं.